हुंकार देणारा

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिला वाळवी लागली असं मी लोकांना बारा वर्षं सांगत आलो. वाळवी वगैरे काही लागलेली नाही. धुळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत लोखंडी पेटीच्या तळाशी, बायकोच्या लग्नातल्या शालूखाली ती होती, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. खोटं बोलायची मला हौस नव्हती. एकदा बोलून बसलो आणि मग तेच निस्तरत राहिलो.

पूर्व खानदेशाचं नाव नुकतंच जळगाव जिल्हा झालं होतं, तेव्हाची गोष्ट. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात मी प्राथमिक शिक्षक होतो. शाळा दोन शिक्षकांची. त्यातला दुसरा शिक्षक बदलीच्या खटपटीत कायम जळगावला, म्हणजे चारही वर्ग माझ्याच गळ्यात. दिवसभर मी मुलांच्या तोंडातून 'शे' काढायचो आणि 'आहे' घालायचो. 'बठ्ठा पोरं' म्हटलं की पट्टी उचलायची आणि 'सगळी मुलं' म्हणून घ्यायचं. माझी आई मरेपर्यंत 'शे'च म्हणाली, पण तपासणीला येणाऱ्या साहेबांना माझ्या आईशी काय देणंघेणं? संध्याकाळी घसा बसलेला असायचा आणि आपण आज कोणाला काय शिकवलं हे आठवत नसायचं.

त्यात धुळ्याच्या एका प्राध्यापकांचं पत्र आलं. त्यांच्या हाताखाली मी एक वर्ष शिकलो होतो. आमच्या गावापासून तीन मैलांवर, ओढ्यापलीकडे सातआठ घरांची वस्ती होती. या लोकांची म्हणून एक वेगळीच बोली होती. ना अहिराणी, ना भिल्लांची, ना पावऱ्यांची. ती बोलणारा आता एकच म्हातारा उरला आहे, असं प्राध्यापकांना कुठून तरी कळलं होतं. 'तुम्ही तिथेच आहात, जमेल तेवढे शब्द उतरवून घ्या,' असं त्यांनी लिहिलं होतं. नाही म्हणायचा मला कंटाळा येतो, म्हणून मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यातली बरीच कामं अशीच माझ्याकडे आली आहेत.

त्या लोकांच्या जातीचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणायचे, मीही आबा म्हणू लागलो. अंगाने वाळलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्यांचा मुलगा केळीच्या बागांत घड कापायला आणि ट्रक भरायला जायचा, सून सरपणाला. दुपारी आबा पळसाच्या पानांनी शाकारलेल्या मांडवात खाटेवर पडलेले असायचे आणि खाटेशेजारी गोधडीवर चारपाच वर्षांची एक नात झोपलेली असायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी सायकल काढायचो.

पहिले चार शनिवार मी शब्द विचारले. पाणी, झाड, हात, पाय, चंद्र. आबांनी सांगितले, मी लिहिले. पाचव्या शनिवारी ते म्हणाले, "मास्तर, हाई काय बाजारनी यादी शे का?" मला हसू आलं आणि लाजही वाटली. मग त्यांनी स्वतःच ठरवलं की ते गोष्ट सांगतील.

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, असं आमच्याकडे मानतात. मी त्यांना तसं म्हटलं. आबा म्हणाले, "मन्हा एकबी मामा ऱ्हायना नही, वाट कोन चुकी?" असं म्हणून त्यांनी तंबाखूची चिमूट गालात ठेवली आणि सुरुवात केली.

पण गोष्ट पुढे जाईना. दोन वाक्यं झाली की ते थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी आपला पेन्सिल धरून बसलेला. हुंकार द्यायचा असतो एवढं मला कळत होतं, आमच्या घरीही गोष्ट ऐकताना हं हं म्हणायचे. मी हं म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या बोलीतला हुंकार निराळा होता. ओठ मिटून नाकातून खालच्या पट्टीत एक आवाज काढायचा, तो जरा वर चढवायचा आणि शेवटी जिभेने टाळूला हलकेच टचकारा द्यायचा. टचकारा आला नाही तर ऐकणारा झोपला असं समजायचं आणि सांगणाऱ्याने गप्प बसायचं. ते शिकण्यात माझे तीन शनिवार गेले. टाळूची साल निघाली. चौथीची मुलं माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागली, कारण वर्गातही माझ्या तोंडून ते निघून जायचं.

मग मात्र आबा सुटले. आठआठ वर्षं माणसाशी त्या बोलीत न बोललेला माणूस, हुंकार मिळाल्यावर कसा बोलतो ते मी पाहिलं. ते आधी त्यांच्या बोलीत सांगायचे, मी कानाला लागेल तसं देवनागरीत लिहायचो. मग तंबाखू थुंकून त्याचा मतलब खानदेशीत सांगायचे, तो मी खाली लिहायचो. वही भरत चालली. मला त्यात विशेष गोडी होती असं नाही. पण आठवडाभर मुलांच्या तोंडातून शब्द काढल्यावर शनिवारी कोणाच्या तरी तोंडातले शब्द नुसते घेऊन ठेवायचे, याचं बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र लवकरच लक्षात आली. मुलगा अंगणात आला की आबा गप्प व्हायचे. वाक्य अर्ध्यात असलं तरी तिथेच. मुलगा गेला तरी त्या दिवशी पुन्हा तोंड उघडायचे नाहीत. गोधडीवरची नात जागी असो की झोपलेली, तिची त्यांना पर्वा नसायची.

मी एकदा विचारलं, "आबा, मुलाला का नाही शिकवली?"

त्यांनी आधी तंबाखू थुंकली. मग जे सांगितलं ते मी वहीत लिहिलं नाही, पण विसरलोही नाही. इंग्रजांच्या वेळी त्यांच्या लोकांना रोज हजेरी द्यावी लागायची. कुठे चोरी झाली, पीक कापलं गेलं की आधी यांना बांधून न्यायचे. जात लपवता यायची. गाव बदलायचं, पेहराव बदलायचा, कुणब्यासारखी पगडी बांधायची. पण बाजारात बायको नवऱ्याला एक शब्द बोलली की ओळख पटायची. आबांचा भाऊ असाच धरला गेला, लेकराला हाक मारली म्हणून. तो परत आला नाही. त्यानंतर या सातआठ घरांनी देवापुढे ठरवलं की लेकरांशी ही बोली बोलायची नाही. म्हाताऱ्यांनी आपापसात बोलायची आणि त्यांच्याबरोबर ती संपवायची.

"मन्हा पोरेसले मी ती दिन्ही नही, मास्तर," आबा म्हणाले. "समजीसन दिन्ही नही."

"मग मला का देता?"

"तुले कोन धरी? तू मास्तर शे."

आणि मग त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "मन्हा नातरेसना तोंडमा ती घालू नको. मन्ही आन शे तुले." माझ्या नातवंडांच्या तोंडात ही बोली घालू नकोस. मी शपथ घेतली. त्या वेळी ती जड वाटली नाही. नातवंडांना कुठे कोण शिकवायला बसलं होतं?

प्राध्यापक मध्ये एकदा जीप करून आले. सोबत बॅटरीवर चालणारं टेपचं यंत्र. वस्तीतली सगळी माणसं गोळा झाली. आबांनी यंत्राकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि तासभर खोकले. प्राध्यापकांच्या टेपच्या चकत्यांवर नुसता खोकला भरला. परत जाताना ते मला म्हणाले की म्हातारा अडाणी आहे, त्याला आपल्या ठेव्याची किंमत नाही. किंमत त्या म्हाताऱ्याला होती तेवढी आम्हा दोघांत मिळून नव्हती, असं आज वाटतं.

शेवटची गोष्ट दोन बहिणींची होती. मोहोळ काढायला त्या डोंगरावर जातात. धाकटी दोराला धरून कड्याच्या कपारीत उतरते, थोरली वर दोर धरून बसते. दोर हलतो. थोरली वाकून हाक मारते, "काय गं?" इथपर्यंत आबा आले आणि मुलगा अंगणात आला. त्या दिवशी ट्रक लवकर भरला होता. आबा थांबले. पुढच्या शनिवारी माझ्या घरी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या शनिवारी मी गेलो तेव्हा मांडवात खाट उभी करून ठेवलेली होती आणि सून भांडी घासत होती. "आबा गयात," एवढंच ती म्हणाली.

कोणाला सांगितलं नाही, पण तेव्हा मला दुःखाच्या आधी राग आला होता. धाकटीचं काय झालं ते आता मला कोण सांगणार?

महिन्याभरात प्राध्यापकांचं पत्र आलं. म्हातारा गेल्याचं त्यांना कळलं होतं आणि त्यांचा उत्साह मात्र दुप्पट झाला होता. मेलेली बोली उठवता येते, असं त्यांचं म्हणणं. वही छापायची, तिच्यावरून एक वाचनमाला करायची आणि वस्तीतल्या मुलांना आठवड्यातून दोन तास त्यांची भाषा परत द्यायची. शिकवणारा कोण, तर मी. वर्षाअखेरीस स्नेहसंमेलनात त्या मुलांचा कार्यक्रम, अधिकारी येतील, फोटो निघतील.

मी ते पत्र तीन वेळा वाचलं. प्राध्यापक काही वाईट माणूस नव्हते. त्यांच्या म्हणण्यात खोट काढावी एवढा मी शिकलेलाही नव्हतो. पण मला दिसत होतं की डोक्याला पिसं लावलेली ती मुलं स्टेजवर उभी आहेत, माझ्या अक्षरातली बोली माझ्याच उच्चारात म्हणताहेत आणि पुढच्या रांगेत त्यांच्या आज्याला बांधून नेणाऱ्यांच्या खुर्चीवर बसलेला कोणीतरी टाळ्या वाजवतोय. मी उलट टपाली कळवलं, वहीला वाळवी लागली. प्राध्यापकांनी परत पत्र लिहिलं नाही. धुळ्याला बदली होऊन आल्यावर रस्त्यात भेटले तरी ते दुसऱ्या बाजूला बघायचे. एका निष्काळजी शिक्षकाने एक भाषा वाळवीला घातली, असं ते व्याख्यानांतून सांगतात हे माझ्या कानावर यायचं. त्यात नाव घेत नसत, एवढे त्यांचे उपकार.

बारा वर्षं गेली. माझे केस गेले, मुली सासरी गेल्या. वही पेटीत होती. कधीकधी मला वाटायचं, शपथ पाळणं म्हणतात ते हेच का? काहीही न करणं मला नाहीतरी आवडतंच, मग यात माझं पुण्य ते काय? आणि कधीकधी असंही वाटायचं की आबांच्या भावाला ज्यांनी बोलीवरून धरलं त्यांचंच काम मी पेटीला कुलूप लावून पुरं करतोय. दोन्ही खरं वाटायचं. मी ताप आल्यासारखा कूस बदलायचो आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायचो.

मग एका रविवारी दुपारी दाराशी एक मुलगी उभी राहिली. पांढरी साडी, निळी किनार, म्हणजे अध्यापिका विद्यालयातली. मराठी इतकी स्वच्छ की माझ्यासारख्याच कोणीतरी पट्टी हातात घेऊन शिकवलेली असणार.

"गुरुजी, तुम्ही चोपड्याकडे होता ना? मी ओढ्यापलीकडच्या वस्तीतली. आबांची नात."

मी तिला आत बोलावलं. बायकोने पाणी दिलं. तिने सांगितलं की तिच्या विद्यालयात एका प्राध्यापकांचं व्याख्यान झालं. मेलेल्या भाषांवर. त्यात ओढा आला, पळसाचा मांडव आला, खोकणारा म्हातारा आला. हॉलमध्ये दोनशे मुली बसल्या होत्या आणि त्यातल्या एकीच्याच आज्याबद्दल ते बोलत होते. सगळ्या हसल्या तेव्हा तीही हसली.

"घरी गेल्यावर वडलांना विचारलं. ते म्हणाले, मास्तर यायचा, लिहायचा, आता धुळ्याला असतो. गुरुजी, खरंच वाळवी लागली?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी म्हटलं, "नाही."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रागावली. आवाज न चढवता, पण रागावली. "मग इतकी वर्षं तुम्ही ती कोणासाठी ठेवली?"

मी तिला शपथेचं सांगितलं. हजेरीचं सांगितलं, आबांच्या भावाचं सांगितलं. ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. हातातला पाण्याचा पेला तिने खाली ठेवला.

"आता मला कोण धरणार आहे, गुरुजी?" ती म्हणाली. "आणि ठरवलं त्यांनी. शपथ घातली तुम्हाला. मला कोणी विचारलं?"

"शिकून बोलशील कोणाशी?"

"ते मला माहीत नाही."

"माझ्या वहीत बोली नाही गं," मी म्हटलं. हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो. "लेकरू रडलं तर त्याला काय म्हणायचं ते वहीत नाही. भांडताना काय म्हणायचं ते नाही. तुझ्या चुलतआजोबांनी लेकराला मारलेली ती हाकही नाही. मला विचारायचं सुचलंच नाही. वहीत आहेत ते शब्द एका थकलेल्या मास्तराने अंदाजाने लिहिलेले. तू ते बोलशील तर माझी बोली बोलशील, आबांची नाही."

तिने यावर वाद घातला नाही. म्हणाली, "बोलत नाही मी. तोंडात घालू नका, शपथ राहू द्या. मला एक गोष्ट वाचून दाखवा. ऐकू नको असं तर आबा म्हणाले नव्हते?"

नव्हते म्हणाले. ही पळवाट आहे हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. मी पेटी उघडली. बायको दारात उभी राहून शालूखालून निघालेली वही बघत राहिली. इतकी वर्षं तिलाही वाळवीच सांगितली होती. मी चष्मा लावला. मला उगीच आठवलं म्हणून म्हटलं, "दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणतात."

"माझा मामा एसटीत कंडक्टर आहे," ती म्हणाली. "नाही चुकायचा."

शेवटची गोष्ट हाताला लागली, वही तिथेच दुमडलेली होती म्हणून. मी पहिलं वाक्य वाचलं. माझी जीभ अडखळत होती, कुठला स्वर लांब आणि कुठला तुटका ते आता आठवत नव्हतं. दुसरं वाक्य वाचलं आणि थांबलो.

तिने हुंकार दिला. ओठ मिटून, नाकातून, खालून वर चढवत आणि शेवटी टाळूला टचकारा.

तो हुंकार वहीत कुठेही नाही. दोनशे पानांत एकदाही नाही, कारण तो देणारा मी होतो आणि आपण स्वतः जे म्हणतोय ते लिहायचं असतं हे मला सुचलं नव्हतं.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"काय?" तिला कळलंच नाही. मग म्हणाली, "हे होय? आबा दुपारी काहीतरी पुटपुटत असायचे. मी शेजारी पडलेली असायची. असा आवाज काढला नाही की कोपराने ढोसायचे. मला वाटायचं, खेळ आहे. शब्द एकही आठवत नाही, गुरुजी."

मला आबांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. मला शपथेत बांधून बारा वर्षं गप्प बसवलं आणि स्वतः मात्र बाजूला निजलेल्या नातीच्या तोंडात, कदाचित मी शिकलो त्याच्याही आधीपासून, अलगद घालून ठेवलं ते ठेवलंच. की हुंकार म्हणजे शब्द नव्हे, असा हिशेब त्यांनीही मनाशी केला होता? की माणूस एकटा पडला की शपथ वगैरे त्याला आठवत नाही? विचारायला कोणी नाही. मी पुढे वाचू लागलो, कारण ती वाट बघत होती.

दोन बहिणी डोंगर चढल्या. तिने हुंकार दिला. धाकटी दोर धरून कपारीत उतरली. तिने हुंकार दिला. माझी जीभ थोडी सैल झाली होती, आपण बरं वाचतोय असंही मला क्षणभर वाटलं. दोर हलला. थोरलीने वाकून हाक मारली.

ती ओळ पानाच्या मध्यावर संपते. खाली पान कोरं आहे.

तिने हुंकार दिला. मी काही बोललो नाही. मी डुलकी घेतली असं समजून तिने जरा पुढे वाकून पुन्हा एकदा हुंकार दिला, टचकारा या वेळी मोठ्याने, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.